अश्रद्ध वाचकाने सी. एस. लुईस यांची समीक्षा कशी वाचावी?

प्रश्न : गंगापूर रोडची वाचक

सर्वांना नमस्कार. नाशिकमध्ये आमचा बारा-तेरा जणांचा एक वाचनगट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो आणि एका लेखकाविषयी कोणीतरी एक जण तासभर बोलतो. पुढच्या महिन्यात सी. एस. लुईस यांच्याविषयी बोलायचे काम माझ्याकडे आले आहे. लहानपणी त्यांच्या नार्नियाच्या गोष्टी मी वाचल्या होत्या, पण मध्ययुगीन आणि प्रबोधनकाळातील इंग्रजी साहित्याचे ते इतके मोठे अभ्यासक होते, हे मला गेल्या वर्षी मिल्टनच्या महाकाव्यावरचे त्यांचे 'अ प्रेफेस टू पॅराडाइज लॉस्ट' हे १९४२ चे पुस्तक हाती आले तेव्हा समजले.

अडचण अशी आहे की मागच्या बैठकीत मी विषय जाहीर करताच गटातील एका ज्येष्ठ सदस्याने आक्षेप घेतला. ज्या माणसाने रेडिओवरून ख्रिस्ती धर्माचे मंडन केले, त्याने ख्रिस्ती महाकाव्यावर लिहिलेली समीक्षा निःपक्षपाती असूच शकत नाही, तेव्हा ते प्रवचन समजून बाजूला ठेवावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मी स्वतः देव मानत नाही, त्यामुळे हा आक्षेप मला सहज पटायला हवा होता, पण तो पटला नाही. माझे आजोबा रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचत असत आणि पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी निघालेल्या दिंड्या आमच्या रस्त्याने जात, तेव्हा पितळी पातेल्यात चहा घेऊन ते फाटकाशी उभे राहत. नवव्या अध्यायातील एखादी ओवी ते मला समजावून सांगत, तेव्हा त्यांची श्रद्धा आड येते आहे, असे मला कधी वाटले नाही. उलट ती ओवी कशी रचली आहे, हे त्यांच्याइतके बारकाईने मला नंतर कोणत्याही प्राध्यापकांनी दाखवले नाही.

लुईस यांची समीक्षा त्यांच्या श्रद्धेपासून वेगळी काढता येते का, आणि येत नसेल तर माझ्यासारखीने ती कशी वाचावी? शिवाय, बोलताना आधी त्यांचे चरित्र सांगावे की थेट पुस्तकांपासून सुरुवात करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षक, नाशिक रोड

ताई, आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लुईस यांनी स्वतःच देऊन ठेवले आहे. कविता म्हणजे कवीच्या व्यक्तिमत्त्वाचे दर्शन आणि ती वाचायची ती कवीच्या मनाशी ओळख व्हावी म्हणून, ही समजूत त्यांना मुळीच मान्य नव्हती. या प्रश्नावर केंब्रिजचे समीक्षक टिलयार्ड आणि लुईस यांच्यात झालेला वाद १९३९ साली 'द पर्सनल हेरेसी' या नावाने पुस्तकरूपाने आला. कवी आपल्याला स्वतःकडे पाहायला सांगत नाही, तो एका दिशेला बोट दाखवतो आणि आपण त्या दिशेला पाहायचे असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. तुकोबांच्या अभंगांतून तुकोबांचा संसार, कर्ज आणि दुष्काळ एवढेच वेचून काढण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिच्याकडे हे पुस्तक वाचल्यावर मी तरी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. तेव्हा आपण पुस्तकांपासून सुरुवात करावी आणि चरित्र जिथे लागेल तिथेच आणावे.

आता मुख्य प्रश्न. आपल्या हाती जे पुस्तक आहे, त्यातच याचे उत्तर आहे. जुन्या कवीच्या काळातील समजुती सोलून टाकल्या की आत सर्व काळी सारखेच असणारे मानवी हृदय सापडते, असे मानून वाचणाऱ्यांना लुईस यांनी तिथे विरोध केला आहे. त्यांनी दिलेला दृष्टान्त शूर सरदाराचा आहे. त्याचे चिलखत उतरवून आत आपल्यासारखाच माणूस आहे, हे पाहण्याऐवजी ते चिलखत आपणच अंगावर चढवून पाहावे. तसे केले म्हणजे त्याला जग कसे दिसत होते, हे थोडे तरी कळेल. याच न्यायाने देवांची भीती घालवू पाहणारा रोमन कवी ल्युक्रिशियस वाचताना लुईस त्याच्या मताचे व्हायला तयार असत. म्हणजे हा नियम केवळ ख्रिस्ती काव्यापुरता नाही, आणि तो अश्रद्ध वाचकालाही तितकाच लागू पडतो. आपण आजोबांकडून ज्ञानेश्वरी ऐकताना नकळत हेच करत होतात.

पण एवढ्याने आपल्या ज्येष्ठ सदस्यांचे समाधान होणार नाही, म्हणून त्यांना सैतानाविषयीचे प्रकरण वाचून दाखवा. ब्लेक आणि शेली यांच्या काळापासून मिल्टनचा सैतान हाच काव्याचा खरा नायक आहे, असे मानणारी एक मोठी परंपरा इंग्रजीत आहे. आपल्याकडे गेल्या शतकातील कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी कर्णाला जे स्थान दिले, त्याची इथे आठवण येते. लुईस या परंपरेला उत्तर देताना बायबल पुढे करत नाहीत. ते आपल्याला मिल्टनच्याच ओळींकडे नेतात आणि सैतानाची पायरी पायरीने झालेली घसरण मोजून दाखवतात. आरंभी वीर असणारा सैतान पुढे सेनापती होतो, मग राजकारणी, मग हेर, मग दुसऱ्यांच्या खिडकीतून चोरून पाहणारा. चौथ्या सर्गात तो बेडूक होऊन झोपलेल्या ईव्हच्या कानाशी बसतो आणि शेवटी साप होतो. बेडूक चौथ्या सर्गात आहे की नाही, हे पुस्तक उघडून कोणालाही पाहता येते. त्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. समीक्षकाची श्रद्धा काय आहे, यापेक्षा तो आपल्याला मूळ संहितेकडे परत पाठवतो का आणि तिथे गेल्यावर त्याने सांगितलेली गोष्ट सापडते का, एवढेच मी आयुष्यभर पाहत आलो, आणि या कसोटीला लुईस फार थोड्या वेळा कमी पडतात.

कमी पडतात ते कुठे, हेही सांगायला हवे. सोळाव्या शतकातील इंग्रजी साहित्याचा, नाटके वगळून, त्यांनी लिहिलेला इतिहास १९५४ साली ऑक्सफर्डच्या साहित्येतिहास-मालेत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी त्या शतकातील कवितेचे 'मळकट' आणि 'सोनेरी' असे दोन विभाग केले आणि वर असेही म्हटले की हे शब्द गुणदोषांचे नाहीत. हे मला पटत नाही. मळकट म्हटल्यावर वाचकाचे मन आधीच ठरून जाते, आणि शब्दांच्या अर्थच्छटांवर १९६० साली अख्खे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला ते कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही. तरीही त्या पुस्तकासाठी त्यांनी किती वाचले असेल, याची कल्पना पानोपानी येते.

एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर १९६१ चे 'ॲन एक्सपेरिमेंट इन क्रिटिसिझम' वाचा. पुस्तक चांगले की वाईट ते ठरवून त्यावरून वाचकाची अभिरुची जोखायची, ही नेहमीची रीत त्यांनी तिथे उलटी केली आहे. लोक एखादे पुस्तक कसे वाचतात ते आधी पाहा, असे ते म्हणतात. काही जण पुस्तकाचा वापर करतात, तर काही जण त्याचा स्वीकार करतात. ज्या पुस्तकाला एक जरी माणूस खऱ्या अर्थाने शरण जाऊन वाचतो आणि पुन्हा पुन्हा वाचतो, त्याला टाकाऊ म्हणताना समीक्षकाने दहा वेळा विचार करावा, असा त्यांचा आग्रह आहे.

प्रतिसाद : शरणपूर रोडचा रहिवासी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी जन्माने ख्रिस्ती आहे आणि लुईस यांची पुस्तके आमच्या घरात वडिलांच्या काळापासून आहेत, म्हणून त्यांच्या श्रद्धेविषयी काही गोष्टी सांगतो, कारण त्यांच्याविषयी बोलताना या तपशिलांत बरेचदा चूक होते.

लुईस धर्मगुरू नव्हते आणि कॅथलिकही नव्हते. १८९८ साली बेलफास्टमध्ये जन्मलेला हा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याची आई कर्करोगाने गेली आणि किशोरवयातच त्याने धर्म सोडला. पुढे विल्यम कर्कपॅट्रिक या नास्तिक शिक्षकाने त्याला तर्काची शिस्त लावली. त्या शिक्षकाविषयीची कृतज्ञता लुईस यांनी श्रद्धाळू झाल्यावरही कधी लपवली नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील आघाडीवर ते पोहोचले तो दिवस त्यांच्या एकोणिसाव्या वाढदिवसाचा होता, आणि १९१८ च्या एप्रिलमध्ये ते जखमी झाले. १९२५ साली ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. देव आहे, हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे १९२९ साली मोठ्या नाखुशीने मान्य केले. ख्रिस्तावरील श्रद्धा मात्र १९३१ च्या सप्टेंबरात आली. टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत झालेले बोलणे आणि त्यानंतर काही दिवसांनी भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयाकडे केलेला प्रवास, एवढाच त्याचा बाह्य तपशील आहे. टॉल्किन कॅथलिक होते, लुईस मात्र अँग्लिकनच राहिले.

मराठी वाचकाला विशेष महत्त्वाचा वाटावा असा भाग पुढे आहे. आत्मचरित्रात लुईस म्हणतात की शोधाच्या शेवटी त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरले होते, हिंदू धर्म आणि ख्रिस्ती धर्म. हिंदू धर्म त्यांनी बाजूला ठेवला त्याचे एक कारण असे की अरण्यात चिंतन करणाऱ्या ब्राह्मणाचे तत्त्वज्ञान आणि जवळच्याच गावातील लोकाचार ही दोन्ही त्यांना तेल आणि पाण्यासारखी एकमेकांत न मिसळलेली दिसली. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. नाशिकपासून तीस किलोमीटरच्या आत निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्या धाकट्या भावाने १२९० साली नेवाशात नेमके हेच तेल आणि पाणी एकजीव केले, अरण्यातील तत्त्वज्ञान गावच्या भाषेत आणि गावच्या ओवीत आणले. लुईस यांच्या वाचनात ही परंपरा आली नव्हती, आणि त्यामुळे त्यांचा निष्कर्ष अपुऱ्या माहितीवर उभा आहे, असे मी ख्रिस्ती असूनही म्हणतो.

याउलट रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे पाहा. त्यांनी नाशिकमध्ये शास्त्रीबुवांकडे संस्कृतचे अध्ययन केले होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पूल जाळून पलीकडे जाण्याची त्यांना गरज वाटली नाही, म्हणूनच 'अभंगांजली' मराठी आहे आणि ख्रिस्तीही आहे. लुईस यांना या पायी फक्त काही मित्रांच्या भुवया उंचावलेल्या पाहाव्या लागल्या. टिळकांच्या बाबतीत घर मोडले. लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून, स्वतःच्या वाटेने. जलालपूरच्या या लेकीने ते दिवस 'स्मृतिचित्रे'मध्ये किती निर्मळपणे लिहिले आहेत, हे नाशिककरांना सांगायला नको. धर्मांतर या एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी ठेवताना सावध राहावे.

एक शेवटची सूचना. येशू एकतर वेडा, नाहीतर लबाड, नाहीतर खरोखर देव, असा लुईस यांचा जो प्रसिद्ध युक्तिवाद आहे, तो आमच्या मंडळींना फार आवडतो. तो चर्चेत आणू नका. शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी असलेले दावे त्याने स्वतः केले की नंतरच्या लोकांनी, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. लुईस यांना आपले म्हणणे दुरुस्त करण्यात कमीपणा वाटत नसे. १९४८ साली एलिझाबेथ अँस्कम या तरुण तत्त्वज्ञ बाईंनी, ज्या स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होत्या, 'मिरॅकल्स' या पुस्तकातील एका युक्तिवादावर जाहीर सभेत टीका केली. पुढे १९६० च्या आवृत्तीसाठी लुईस यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. बेडकाचा दाखला मी काल रात्री चौथ्या सर्गात शोधून काढला आणि तो तिथे आहे.

तरीही एक शंका उरते. चिलखत चढवून पाहा, असे लुईस सांगतात, पण त्यांनी स्वतः पूर्वेकडच्या माणसाचे चिलखत कधी चढवले का? नार्नियाच्या गोष्टींतील कॅलोरमेन लोक सावळे, पागोटे घालणारे, गुलाम बाळगणारे आणि क्रूर देवाची पूजा करणारे आहेत. दहा वर्षांची असताना मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. आता भाचीला वाचून दाखवताना मी दोन ठिकाणी अडखळले.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षक, नाशिक रोड

आपले अडखळणे योग्य आहे आणि बैठकीत ते तसेच सांगावे. अरबी सुरस कथांतून आणि साम्राज्याच्या काळातील पुस्तकांतून इंग्लंडमधील वाचकाला पूर्व जशी भेटली, तशीच ती इथे उतरली आहे, आणि 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये ती सर्वाधिक बोचते. मात्र १९५६ चे 'द लास्ट बॅटल' भाचीला वाचून दाखवाल तेव्हा एमेथ या कॅलोरमेन तरुणापाशी थांबा. त्याने आयुष्यभर ताश या दुसऱ्या देवाची मनोभावे सेवा केली आहे, आणि शेवटी सिंहरूपी अस्लान त्याला सांगतो की ताशसाठी म्हणून तू जे जे चांगले केलेस, ते सर्व माझ्याकडे पोहोचले. गीतेच्या नवव्या अध्यायातील, अन्य देवतांचे श्रद्धेने भजन करणारेही माझेच भजन करतात, हा श्लोक आपल्या आजोबांनी आपल्याला नक्कीच समजावला असेल. कट्टर ख्रिस्ती वाचकांनी या प्रसंगाबद्दल लुईस यांना बोल लावला आहे. एमेथमुळे बाकीच्या कॅलोरमेनांचे चित्र पुसले जात नाही, पण ज्याने हा प्रसंग लिहिला, त्याने एका तरुणापुरते तरी ते चिलखत अंगावर घेतले होते.

प्रतिसाद : गोदाकाठ

मी साहित्याचा अभ्यासक नाही. वीजमंडळात नोकरी केली आणि निवृत्त झालो. वरील चर्चेत एका पुस्तकाचा उल्लेख आलेला नाही, म्हणून लिहितो.

जॉय डेव्हिडमन या अमेरिकन कवयित्रीशी लुईस यांनी १९५६ साली नोंदणी पद्धतीने लग्न केले, ते तिला इंग्लंडमध्ये राहता यावे म्हणून. त्यानंतर काही महिन्यांतच तिला हाडांचा कर्करोग असल्याचे निघाले, आणि १९५७ च्या मार्चमध्ये रुग्णालयात तिच्या खाटेशेजारी धर्मविधीने पुन्हा लग्न लागले. मध्यंतरी आजार बराच ओसरला, आणि तो पुन्हा उलटल्यावरही १९६० च्या एप्रिलमध्ये दोघे ग्रीसला जाऊन आले. १३ जुलै १९६० रोजी ती गेली. त्यानंतरच्या दिवसांत लुईस यांनी वह्यांमध्ये जे लिहिले, ते १९६१ साली 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' या नावाने आणि एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने छापले गेले. १९४० साली याच माणसाने दुःखाच्या प्रश्नावर एक तर्कशुद्ध पुस्तक लिहिले होते आणि दुःख म्हणजे बहिऱ्या जगाला जागे करण्यासाठी देवाने हाती घेतलेला कर्णा आहे, असे त्यात म्हटले होते. वीस वर्षांनी तोच माणूस लिहितो की गरज असताना देवाच्या दाराशी गेलो, तर दार तोंडावर आपटून आतून कड्या घातल्याचा आवाज आला.

माझी पत्नी जाऊन आता अडीच वर्षे झाली. रामकुंडावरचे सर्व विधी झाले, पाहुणे परतले, आणि चौदाव्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी आत घेताना स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेकडे लक्ष गेले. ती रोजच्या दुधाची नोंद पेन्सिलीने करत असे, अर्ध्या लिटरला एक रेघ आणि एक लिटरला दोन. एका तारखेला दोन रेघा होत्या, कारण त्या दिवशी मुलगी येणार होती, आणि पुढचे सगळे चौकोन कोरे होते. त्या वेळी माझ्या पोटात जे झाले, त्याला मी दुःख म्हटले नसते, भीती म्हटले असते. मुलीने हे पुस्तक पाठवले तेव्हा पहिल्याच वाक्यात लुईस यांनी दुःखाचे भीतीशी असलेले हे साम्य लिहिलेले पाहिले आणि मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

त्या पुस्तकातील दुसरी एक गोष्ट मला सारखी आठवते. आपल्या मनातील तिची प्रतिमा हळूहळू खऱ्या तिची जागा घेईल, आणि ती प्रतिमा आपल्याला हवे तसेच बोलेल, याचे लुईस यांना फार भय वाटते. खरी ती विरोध करत असे आणि चुका काढत असे, आणि त्यांना हवी असते ती खरी ती. मी श्रावणात सत्यनारायण घालणारा माणूस आहे. त्यांचा देव माझा नाही आणि त्यांची प्रार्थना मला येत नाही. परंतु ताई, आपल्या ज्येष्ठ सदस्यांना सांगा की बैठकीला त्यांनी या पुस्तकाची पहिली चार पाने घरून वाचून यावे. आणि आपली परवानगी असेल तर मीही येईन. दिनदर्शिकेचे ते पान मी अजून काढलेले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काका, आपण अवश्य या. दुसरा रविवार, संध्याकाळी पाच वाजता. पत्ता वैयक्तिक संदेशाने कळवते. आपण वाचायला सांगितलेली चार पाने मी आजच गटातील सर्वांना पाठवते, आणि आपल्याला चालणार असेल तर बैठकीत ती आपणच वाचून दाखवावीत.